४४.५ चा गुंता तापाच्या थर्मामीटरने सोडवला

मंडळी, तीन आठवडे गप्प होते कारण मोड-भाज्यांवर ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आहे का ते बघायच्या माझ्या घरच्या चाचणीत प्रत्येक ट्यूबमध्ये गॅस आणि माझा एकाही निकालावर विश्वास नाही. परवा रात्री कारण सापडलं!

पद्धत तीच, नमुना आधी एलएसटी या जंतू वाढवायच्या द्रवात (ब्रॉथ) ३५ अंश सेल्सियसला, मग गॅस आलेल्या ट्यूबमधून थोडं ईसी ब्रॉथमध्ये ४४.५ ला, तिथेही गॅस आला तर पॉझिटिव्ह. मटकी, मेथीचे मोड, कोथिंबीर सगळंच पॉझिटिव्ह. भाजीवर कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा गट) असणारच, त्यातले क्लेबसिएला-एन्टेरोबॅक्टर माती-पानांवर राहतातच, त्यातल्या बहुतेकांना गाळायलाच तर ४४.५ ची चाळणी आहे, पण माझ्याकडे कोणी गळेचना. आधी डरहॅम ट्यूबवर (ब्रॉथमध्ये उलटी ठेवलेली, गॅस पकडणारी छोटी नळी) संशय, कुकरमधून काढताना आत हवा राहिली की तोच बुडबुडा उद्या गॅस वाटतो, म्हणून एकेक ट्यूब उजेडात धरून बुडबुडेवाल्या बाद केल्या. तरी तेच. मग हायमीडिया कंपनीच्या ब्रॉथ पावडरची नवी बाटली फोडली (मीडिया उत्तम, फक्त झाकण लगेच लावा, पावडर ओल धरते). तरी तेच, आणि ब्लँक (नमुना न घातलेली ट्यूब) मात्र स्वच्छ.

परवा मुलाचा ताप बघून थर्मामीटर हातात होता, तो सहज रॅकमधल्या साध्या पाण्याच्या ट्यूबमध्ये बुडवला. ट्यूब उबवायच्या खोक्याच्या तापमान-कंट्रोलरवर ४४.५, आणि हा १०६.९ फॅरेनहाइटवर थांबला, म्हणजे ४१.६ सेल्सियस! खरंच ४४.५ असतं तर रेंजच्या बाहेर जाऊन त्याने नुसता एच दाखवला असता. सेन्सर ऊब देणाऱ्या बल्बजवळ लटकलेला, रॅक तळाला, आणि निफाडला पारा घसरला की इकडे नाशकात गंगापूर रोडलाही थर्मोकोलचं खोकं खालून गार पडतं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कंट्रोलरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, काचेच्या थर्मामीटरने ताडून बघाच. (तापाचा थर्मामीटर आता कायमचा प्रयोगाचा, घरात नवा आणला.)

आता खोक्यात पाण्याचं पातेलं, पाणी ब्रॉथच्या वर, सेन्सर पाण्यात रॅकला चिकटून, ढवळायला छोटा पंप. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा काचेचा थर्मामीटर रात्रभर ४४.३ ते ४४.७ मध्ये राहिला. ±०.२, घरात!

ताज्या नमुन्यांचा निकाल असा: मटकीच्या तिन्ही ट्यूब २४ तासांनी शांत, मेथीची एक गढूळ पण गॅस नाही, कोथिंबिरीच्या तीनपैकी दोनमध्ये गॅस. त्या दोन ईएमबी प्लेटवर (ई. कोलाय रंगावरून ओळखायचं माध्यम) ओढल्या आणि सकाळी प्लेट टेपसकट तिरकी केली तर काळपट कॉलनीवर हिरवी धातूसारखी झाक, उजेडाबरोबर सरकणारी. ई. कोलायची ती झाक मी पहिल्यांदाच स्वतःच्या प्लेटवर बघितली, पाच मिनिटं हलले नाही.

निगेटिव्ह म्हणजे निर्धोक असं मात्र कुणी धरू नका. ओ१५७ हा ई. कोलायचा घातक प्रकार ४४.५ ला धड वाढतच नाही, आणि १९९६ ला जपानमध्ये साकाईत मुळ्याच्या मोडांमागे तोच होता. जर्मनीत २०११ ला मेथीच्या मोडांतून आलेला ओ१०४ वेगळा, त्यात पन्नासच्या वर माणसं गेली. बी दूषित असलं की मोड आणायची ऊब-ओल जंतूंनाही तितकीच मानवते. साल्मोनेला (अन्नातून बाधणारा दुसरा जंतू) घरी वाढवायचा नाही, तो नमुना लॅबलाच. वापरलेल्या ट्यूब वेगळ्या कुकरमध्ये अर्धा तास, मगच टाकायच्या.

पुढे मोडांचीच मालिका करणार होते, पण लिहिता लिहिता वाटतंय की मिसळीतली मटकी शिजते, वरची कोथिंबीर कच्चीच पडते, मग आधी तीच. एकाच जुडीतून मातीकडचे देठ वेगळे, शेंड्याची पानं वेगळी, आणि दोन्ही नळाखाली धुण्याआधी-धुतल्यानंतर. मिठाच्या पाण्याचंही बघायचंय, पण ट्यूब तेवढ्या नाहीत, ते पुढच्या खेपेला. उद्या सकाळी जुडी आणते.