आत्याची धाप आणि घरापर्यंत येणारे उपचार

माझ्या आत्याने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, मात्र चाळीस वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केला. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असल्याचे निदान झाले, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी औषध योग्य तेच लिहून दिले गेले. पण ते घ्यायचे कसे, हे दाखवायला गर्दीत कुणाला सवड झाली नाही. यंत्रातून ओढायच्या कॅप्सूल ती तीन महिने पाण्याबरोबर गिळत होती.

हे उघड केले आमच्या आशाताईंनी. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तक्ता त्या भरतात, त्यात धाप लागते का, स्वयंपाकाला इंधन कोणते, असेही प्रश्न असतात. आत्याची उत्तरे लिहिता लिहिता त्यांनी औषध पाहायला मागितले आणि यंत्र फडताळात कोरेच निघाले. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी घरी आल्या. यंत्रापासून तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट मिटून जोराने आत ओढायचा, दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा आणि शेवटी चूळ भरायची, हे त्यांनी आत्याकडून स्वतःसमोर तीनदा करून घेतले.

डॉक्टरांनी विचारले तेव्हा आत्याने ‘चूल बंद केली’ असे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते, कारण स्वयंपाक गॅसवर होत होता. अंघोळीचे पाणी मात्र मागच्या पडवीत लाकडांवरच तापत होते, आणि तो धूर घरी आलेल्या माणसालाच दिसू शकला. तेव्हापासून ते काम माझ्या वहिनीने उघड्या अंगणात हलवले आहे. सिलिंडरचा खर्च पाहता त्याहून अधिक काही मागणे मला न्याय्य वाटत नाही.

धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो, त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या श्रमानेही अधिक धाप लागते. हे चक्र केवळ औषधाने तुटत नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने आत्याला ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले, सहा मिनिटांत ती किती चालते ते मोजले आणि रोजचे अंतर हळूहळू वाढवायला सांगितले. दोन महिन्यांत ती मारुतीच्या देवळापर्यंत मध्ये एकदाच थांबून जाऊ लागली.

त्या फिजिओथेरपिस्टची बदली झाल्यापासून ती जागा रिकामी आहे. सध्या आशाताईच घड्याळ हातात धरून आत्याचे अंतर मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात.