एकच ट्रान्झिस्टर

“एकच द्या हो, दुसरा चांगलाय.”

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, आज शेजारच्या गिऱ्हाइकाचं हे वाक्य कानावर पडलं. त्याच्या स्टिरिओ रिसीव्हरचा, म्हणजे रेडिओसकट अॅम्प्लिफायरचा, डावा चॅनल गेलेला, चालू केला की ‘प्रोटेक्ट’ येऊन बंद. काउंटरवाल्यानं एकच आउटपुट ट्रान्झिस्टर काढून दिला. दिवसभर ते डोक्यातून जाईना.

आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला करंट पुरवणारा पार्ट, जोडीनं काम करतो आणि सहसा एकटा जात नाही. एक शॉर्ट झाला की जोडीदारालाही मार बसतो, मग मीटरवर तो चांगला का दिसेना. ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टर ओपन होतो, मागचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) जातो. हे न बघता सरळ २३० व्होल्टवर लावलं की नवा मालही गेला!

जोडीच बदलायची. फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून उजव्या चॅनलशी एकेक रीडिंग ताडून बघायचं. तो चांगला चॅनल म्हणजे फुकटचा नकाशाच. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला अभ्रकाचा इन्सुलेटर फाटलेला नाही ना, तेही बघायचं.

मग ६० वॅटचा साधा पिवळा, फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या सिरीजमध्ये. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर शॉर्ट अजून आहे. आउटपुटला डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आल्याशिवाय स्पीकर जोडायचा नाही. बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) शेवटी, मॅन्युअलप्रमाणे: ०.२२ ओहमवर ५ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २३ मिलिअँपिअर.

जळालेला पार्ट सगळे बदलतात, तो जळला का हे फारसं कुणी विचारत नाही. बरेचदा कारण मागच्या टर्मिनलवरच असतं: स्पीकर वायरची सुटलेली एखादी तार शेजारच्या टोकाला टेकलेली.

तुमच्या रिसीव्हरची मागची बाजू शेवटची कधी बघितलीत?