कंपाउंडर नव्हे हो आई, पीए

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मेडिकेअरचं कार्ड पोस्टानं आलं तेव्हा त्यांनी ते आधी देवापुढे ठेवलं. मेडिकेअर म्हणजे इथला, अमेरिकेतला, ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. लाल-निळ्या पट्ट्यांचं साधं कागदी कार्ड, त्यावर 11 अक्षरं-आकड्यांचा नंबर. "एवढ्याशा चिठोऱ्यासाठी पाच वर्षं थांबवलं होय गं?" म्हणाल्या, आणि बटव्यात सांगलीच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी ते घडी घालून ठेवून दिलं.

इकडे आईवडिलांना बोलवायचा विचार करणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवा. ग्रीन कार्डवर आलेल्या माणसाला वयाची 65 पूर्ण आणि सलग पाच वर्षं इथला मुक्काम, एवढं झालं की मेडिकेअर विकत घेता येतं. विकत म्हटलं मी. स्वतः किंवा जोडीदारानं इथे साधारण दहा वर्षं नोकरी केली असेल तर हॉस्पिटलचा भाग, पार्ट ए, फुकट. नाहीतर 2025 मध्ये त्याचा दर होता महिन्याला 518 डॉलरपर्यंत. डॉक्टरकडे जाण्यासाठीचा पार्ट बी तेव्हा 185 डॉलर होता. माझा नवरा दर पगारातून 1.45 टक्के मेडिकेअर टॅक्स भरतो, पण लेकाचं पुण्य आईच्या खात्यात जमा होत नाही. रुपयांत हिशेब करायचा नाही असं घरात ठरलंय. आई करतातच.

तर कार्ड आलं, आता डॉक्टर. आधीच्या खाजगी विम्यावरचे डॉक्टर म्हणाले, आम्ही मेडिकेअरचे नवीन पेशंट घेत नाही. पाच वर्षं तिथेच जात होतो, पण विमा बदलला आणि आम्ही एका रात्रीत नवीन झालो.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमच्या जवळ राहतो. आई गाडी चालवत नाहीत आणि आम्ही दोघं नोकरीवर, म्हणून दवाखाना जवळच हवा होता. मेडिकेअरच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की जवळच्या डॉक्टरांची यादी मिळते. यादी घेतली, लंच ब्रेकमध्ये गाडीत बसले आणि फोन लावत सुटले.

पहिल्या ठिकाणी "मेडिकेअर घेता का?" विचारलं. "हो." अपॉइंटमेंट घेतली, अर्धी रजा टाकली, आईंना इस्त्रीची साडी नेसवून नेलं. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. त्यांचं 'हो' होतं मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या काही ठरावीक प्लॅनना. म्हणजे खाजगी कंपन्या चालवतात ते. आमचं सरकारी, मूळ मेडिकेअर. परतताना गाडीत आई एवढंच म्हणाल्या, "कार्ड बघून हाकलतात, म्हणजे आपल्यासारखंच आहे की."

त्यानंतर मी प्रश्न बदलला. फोन उचलला की एका दमात: "ओरिजिनल मेडिकेअर, पार्ट बी, नवीन पेशंट, तुमच्या याच शाखेत, आणि कोण तपासणार?" यातला शेवटचा तुकडा विसरू नका. एकाच दवाखान्यात एकाची यादी भरलेली आणि दुसऱ्याची रिकामी असू शकते. सातव्या फोनवर तेच झालं. डॉक्टरची वेळ चार महिन्यांनी, "पण आमच्या पीएकडे गुरुवारी जागा आहे."

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. असिस्टंट शब्द ऐकून आईंचा चेहरा पडला. "म्हणजे कंपाउंडर?" त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली गुलाबी औषधाची बाटली असणार. खरं सांगते, मीही कचरले होते. रात्री वाचायला बसले तर कळलं, हा पेशाच आमच्या अंगणातला निघाला! 1965 मध्ये डॉक्टरांचा तुटवडा होता, तेव्हा डरहॅमच्याच ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेले चार जण घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. 1967 मध्ये त्यातले तिघे पास झाले. आज पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचं मास्टर्स, 2,000 तासांहून जास्त वेळ प्रत्यक्ष पेशंटमध्ये, मग राष्ट्रीय परीक्षा. पन्नासही राज्यांत त्यांना औषधं लिहून देता येतात. शिवाय आपल्या कामाची गोष्ट: मेडिकेअर ठरवेल तो दर पीएंना मान्य करावाच लागतो, वर जास्तीचे मागता येत नाहीत. डॉक्टरांवर ही सक्ती नाही.

गुरुवारी गेलो. पीए तिशीतली मुलगी, केस वर बांधलेले, पायात धावायचे बूट. तिनं आधी मला विचारलं, दुभाषी लावू का? मी म्हटलं, मी आहे ना. ती हसून म्हणाली, तरी लावू या. फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडून चक्क मराठी आली, नागपुरी हेलाची. आईंनी आजार सोडून पहिलं काय विचारलं असेल? "तुम्ही कुठल्या हो?" त्या बाईंनी नियमाप्रमाणे तेही इंग्रजीत सांगितलं. पीएसुद्धा थांबून राहिली, उत्तर ऐकायला.

मग तिनं आईंना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक तार तळपायाला ठिकठिकाणी टेकवली. जाणवलं की हो म्हणायचं. मधुमेहात पायाची संवेदना गेलीय का, ते असं बघतात. आईंना गुदगुल्या होत होत्या, तरी डाव्या अंगठ्याखाली दोनदा तार टेकली तेव्हा त्या गप्पच होत्या. तिनं खुर्ची पुढे ओढली. गोळ्या रोज घेता?

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई फोनकडे बघत बोलल्या. त्या नागपूरच्या बाईंना सांगितलं त्यांनी, मला नाही. भारतातून आणलेल्या गोळ्या पुरवायच्या म्हणून सहा महिने एक दिवसाआड घेतायत. "इथली औषधं महाग. पोरांवर किती भार टाकायचा."

दुभाषी बाई क्षणभर थांबल्या आणि मग सपाट आवाजात त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता बघत बसले. पीए रागावली नाही. तिनं स्वस्तातली जेनेरिक गोळी लिहून दिली, औषधांसाठीचा पार्ट डी कसा घ्यायचा ते सांगायला ऑफिसातल्या एका बाईंना बोलावलं, आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं. पाऊण तास झाला होता.

पुढे मेडिकेअरचं पत्र आलं. त्या वर्षीचे, 2025 चे, पहिले 257 डॉलर आपले, त्यानंतर 80 टक्के ते भरतात, 20 टक्के आपण. मी आईंना सांगितलं, पीएचा दर डॉक्टरच्या 85 टक्के धरतात.

"पंधरा टक्के कमी का? पायाला हात लावला म्हणून?"

पत्रावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. ते मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, "मग पाठवलं कशाला?" आणि घडी घालून बटव्यात ठेवलं. त्याच बटव्यात आता सोमवार ते रविवार अशा खणांची गोळ्यांची डबी असते. रात्री त्या झोपल्या की मी ती उघडून बघते. त्यांना ते माहीत आहे. रिकामा खण वरच ठेवतात.