झेरमॅटला स्कीइंगसाठी जाताना: टेशच्या पुढचं नियोजन

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला (उंची साधारण 1,600 मीटर) पर्यटकाची गाडी गावात जात नाही. विजेवर चालणारी असली तरी नाही. रस्ता सर्वांसाठी टेशपर्यंतच खुला, पुढचे 5 किलोमीटर परवानाधारकांचे. माथेरानला जसा दस्तुरी नाका, तसं इथे टेश. तिथल्या छताखालच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि शटल ट्रेन पकडायची. 12 मिनिटांत झेरमॅट.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर फक्त झेरमॅटसाठी घेऊ नका. रोजचं पार्किंग भरून ती टेशला नुसती उभी राहील. झुरिकहून रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, व्हिस्पला गाडी बदलून. बदलायला वेळ जेमतेम मिळतो, म्हणून स्टेशन येण्याआधीच सामान दाराशी आणून ठेवा. मोठ्या बॅगेपेक्षा दोन मध्यम बॅगा सोयीच्या.

झेरमॅट स्टेशनच्या चौकात हॉटेलांच्या विजेच्या छोट्या गाड्या न्यायला येतात, पण ट्रेनची वेळ आधी कळवलेली असेल तरच. नाहीतर विजेची टॅक्सी करावी लागते. बुकिंग करताना अंतरापेक्षा चढ बघा. नकाशावर 400 मीटर दिसणारं हॉटेल चढावर असेल, तर बर्फावरून स्कीबूट घालून तिथे पोहोचता पोहोचता दम निघतो. आणि ‘गाड्या नाहीत’ म्हणून रस्त्याच्या मधून चालू नका. या डबेवजा गाड्या मागून अजिबात आवाज न करता येतात.

स्की भाड्याने घेताना वजन, उंची आणि कौशल्य खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीमधून किती जोर लागल्यावर सुटावा, हे त्यावरून ठरवतात. फुशारकी मारून कौशल्य वाढवून सांगितलं, तर बूट वेळेवर सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बुटात एकच मोजा घाला. दोन घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट जास्त गारठतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत; हे माप बरोबर. जीन्स हॉटेलवरच राहू द्या, सुती कापड भिजलं की वाळत नाही.

पहिल्यांदाच स्कीइंग करणाऱ्यांनी जमिनीखालून जाणाऱ्या फ्युनिक्युलरने (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) सुनेग्गाला (2,288 मीटर) जावं. तिथे लाइजे तळ्याजवळ शिकाऊंसाठी सौम्य उतार आहे. युरोपात सोपा उतार निळा, मध्यम लाल, अवघड काळा. दुपारी चारच्या सुमारास गावाकडे उतरणाऱ्या वाटांवर गर्दी होते आणि दिवसभर घासून बर्फ कडक झालेला असतो. नवख्यांनी फ्युनिक्युलरनेच खाली यावं, त्यात कमीपणा काही नाही.

क्लाइन मॅटरहॉर्न शिखराचं केबल कार स्टेशन 3,883 मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाहून कमी प्राणवायू मिळतो, त्यामुळे पोहोचल्या दिवशीच वर जाऊ नका. तिथून स्की करत इटलीतल्या चेर्विनियाला उतरता येतं. त्यासाठी दोन्ही बाजूंचा ‘इंटरनॅशनल’ पास, जवळ पासपोर्ट आणि इटलीच्या नियमानुसार दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा लागतो. इथली खरी मेख परतीची. दोन देशांमधल्या खिंडीत वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद पडतात. शेवटची लिफ्ट चुकली, तर रात्र इटलीत काढा किंवा डोंगराला वळसा घालून काही तासांच्या महागड्या टॅक्सीने परता. म्हणून सकाळी वाऱ्याचा अंदाज बघा आणि जेवण झालं की लगेच वर निघा.

विम्याबद्दल आणखी एक. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या पॉलिसीत स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. ‘विंटर स्पोर्ट्स’ आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही लेखी आहेत ना ते पाहा. झेरमॅट ज्यात येतं त्या व्हॅले प्रांतात डोंगरातल्या मदतीसाठी 144 फिरवा; 1414 हा क्रमांक उरलेल्या स्वित्झर्लंडमध्ये चालतो.

स्की न करणाऱ्यांसाठी 1898 पासून चालणारी गोर्नरग्राट रेल्वे (3,089 मीटर, सुमारे 33 मिनिटं) पुरेशी आहे. चढताना उजव्या बाजूला बसा, मॅटरहॉर्न हा प्रसिद्ध डोंगर त्या बाजूला दिसतो. स्विस ट्रॅव्हल पासवर तिकिटात 50 टक्के सवलत मिळते.

शाकाहाऱ्यांसाठी रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) आहे, पण बेकनशिवाय मागा. फॉन्ड्यूत (वितळवलेलं चीज) व्हाइट वाइन असते आणि त्यातलं ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. काटेकोर पाळणाऱ्यांनी सरळ स्टेशनसमोरचं कोऑप सुपरमार्केट गाठावं.

परतीच्या विमानाआधी एक रात्र झुरिक किंवा जिनिव्हाला ठेवा. जानेवारी 2018 मध्ये हिमवृष्टी आणि हिमस्खलनाच्या धोक्याने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडली, तेव्हा सुमारे 13,000 पर्यटक गावात अडकले होते आणि काहींना हेलिकॉप्टरने टेशला उतरवावं लागलं.