समासातल्या नोंदी

ईस्टर कधी, या एका प्रश्नानं मध्ययुगीन युरोपातल्या मठांना चांगलंच कामाला लावलं होतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. सूर्य, चंद्र आणि वार, तिघांची मोट बांधायची. चंद्राचं चक्र १९ वर्षांचं. आपल्याकडे एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख बहुधा एकत्र येतात, ते याच हिशेबानं. त्याला वारांच्या २८ वर्षांच्या चक्रानं गुणलं की ५३२ वर्षांनी साऱ्या तारखा पुन्हा पहिल्यापासून. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूनं इ.स. ७२५ मध्ये हे सगळं गणित मांडून ठेवलं आणि मठामठांतून त्याची कोष्टकं उतरवली गेली.

एका वर्षाला एक ओळ, आणि ओळीशेजारी कोरी जागा. कॅलेंडरच्या चौकोनात 'सिलिंडर लावला' असं लिहिणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गाल मठाच्या नोंदींत ७१० सालापुढे कठीण वर्ष, पीक कमी. ७१२ ला सगळीकडे पूर. ७३२ ला चार्ल्स (फ्रँकांचा सेनानी चार्ल्स मार्टेल) फ्रान्समधल्या प्वातियेजवळ सारासेनांशी, म्हणजे मुस्लिम फौजेशी लढला, शनिवारी. कोण जिंकलं ते नाही, पण वार आहे! पंचांग सांभाळणाऱ्याला वार सुटणार कसा? कित्येक वर्षांपुढे तर काहीच नाही. मला त्या रिकाम्या ओळींचा हेवा वाटतो.

पण सालवारी हाताशी असली की तिचा दुसरा उपयोगही सुचतो. इंग्लंडमधल्या पीटरबरोचा मठ ऑगस्ट १११६ मध्ये जळाला. मग भिक्षूंनी दुसरीकडून अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताची, म्हणजे इंग्लंडच्या सालवार इतिहासाची, प्रत मागवली, ११२१ च्या सुमारास ती उतरवून घेतली आणि उतरवता उतरवता मधेमधे आपल्या मठाच्या सनदा घुसवल्या. ६५६ सालाखाली राजा वुल्फहियरची देणगी, गावं आणि हद्दींसकट. ९६३ खाली तर कमाल आहे: बिशप एथेलवोल्डला मठाच्या पडक्या भिंतींत दडवलेले जुने दस्त सापडतात. जमिनीच्या वादात नेमका हवा तो कागद नेमक्या वेळी सापडण्याची ही परंपरा फार जुनी म्हणायची. यांतला बराचसा मजकूर बनावट, असं अभ्यासक म्हणतात. तरी मला त्या लेखनिकाचा राग येत नाही. शेतं त्यांच्याच ताब्यात होती, त्यांना हवा होता कागद. आणि सालांच्या रांगेत बसवलेला कागद सुट्या कागदापेक्षा खरा दिसतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

याच हस्तलिखितातली ११३७ ची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचते. स्टीफन राजाच्या काळातली बेबंदशाही, गढ्यांमधला छळ, लोकांना अंगठ्यांनी टांगणं. ख्रिस्त आणि त्याचे संत झोपी गेलेत, असं लोक उघड बोलत होते, हे प्रसिद्ध वाक्य इथलंच. आणि त्याच नोंदीत पुढे मठाधिपती मार्टिननं कुणाकडून कुठली गावं सोडवून घेतली त्याची यादी, एका गावाचे वर्षाला ६० शिलिंग, आणि त्यानं द्राक्षमळा लावला हेही. लिहिणाऱ्याला यात काही विजोड वाटलेलं नाही. देव झोपला असला तरी वसुलीचा आकडा तो चुकवत नाही.