ब्रनोला येण्याआधी कांद्याचं मूळ नीट दाबायला शिका

नाशिकच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला गुणसूत्रांवर काम करायला येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहोत. व्हिसा, खोली, थंडीचे कपडे यांबद्दल भरपूर माहिती मिळते. मुळाचं टोक काचेच्या स्लाइडवर दाबून त्यातल्या पेशींची गुणसूत्रं बघायची, तर इथल्या टेबलावर रोज हाताने काय करावं लागतं आणि ते कुठे बिघडतं, हे मात्र मराठीत फारसं सापडत नाही.

हे शहर या विषयाचं माहेर आहे. इथल्याच मठाच्या बागेत मेंडेलने वाटाणे लावले आणि १८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथेच दोन व्याख्यानांत निष्कर्ष मांडले. 'क्रोमोसोम' हा शब्द त्यानंतर तेवीस वर्षांनी आला. आज मासारिक विद्यापीठात आणि झेक विज्ञान अकादमीच्या जैवभौतिकी संस्थेत वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम चालतं. जवळच्या ओलोमोउत्समध्ये तर गव्हाचं एकेक गुणसूत्र यंत्राने वेगळं काढतात.

पण सुरुवात कांद्यापासूनच. झेक भाषेत कांद्याला 'त्सिबुले' म्हणतात, बाजारात तेवढा शब्द पुरतो. कांद्याची गुणसूत्रं १६, म्हणजे ८ जोड्या. त्याच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत डीएनएची सुमारे १६ अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या प्रतीत सुमारे ३ अब्ज. द्राक्षात जेमतेम ५० कोटी, आणि ती १९ गुणसूत्रांत विभागलेली. म्हणजे लासलगावच्या कांद्याच्या एका गुणसूत्रात निफाडच्या द्राक्षाचे चार अख्खे जनुकसंच मावतील. कांद्याचा हा पसारा बहुतेक उड्या मारणाऱ्या, स्वतःच्या प्रती काढणाऱ्या तुकड्यांचा आहे, कामाच्या जनुकांचा नाही. गुणसूत्रं एवढी मोठी आणि ठळक म्हणूनच आपल्या प्रॅक्टिकलला कांदा देतात.

इथे येऊन पहिली चूक होते ती कांदा निवडताना. साठवणुकीच्या कांद्यावर कोंब येऊ नये म्हणून मॅलेइक हायड्रॅझाइड मारलेलं असू शकतं. ते पेशींचं विभाजनच थांबवतं, मग ग्लासावर ठेवलेल्या कांद्याला आठवडाभर मूळ फुटत नाही आणि माणूस पाणी बदलत बसतो. आपल्याकडे लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात २००२ पासून हेच काम कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी होतं, साधारण ६० ते ९० ग्रे मात्रेत. तिथे कोंबातल्या पेशींची गुणसूत्रं तुटतात. सेंट्रोमिअर, म्हणजे विभाजनात ओढणारे धागे जिथे गुणसूत्राला पकडतात तो भाग, नसलेला तुकडा विभाजनात मागे राहतो, पेशी पुढे वाढत नाही आणि कांदा टिकतो. खायला उत्तम, पण स्लाइडला निरुपयोगी. त्यामुळे बी पेरा. पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर, २० ते २५ अंशांत. मूळ एक ते दीड सेंटिमीटर झालं की काढायचं. त्याहून लांब होऊ दिलं तर विभाजन मंदावतं.

आता नाशिकची सवय आणि इथली सवय यांतला फरक. आपण सकाळी घड्याळ बघून मूळ कापतो, हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करतो, ऍसिटोकार्माइन हा लाल रंग टाकून अंगठ्याने दाबतो. विभाजनाच्या अवस्था दाखवायला ते पुरतं. पण गुणसूत्रं मोजायची, त्यांवर प्रोब, म्हणजे ठरावीक अक्षरक्रमाला जाऊन चिकटणारा चमकता डीएनए-तुकडा, बसवायचा, तर मध्यावस्थेतल्या, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेल्या, पेशी ढिगाने हव्यात. त्यासाठी मुळं २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवतात. गारठ्याने गुणसूत्रं ओढणारे तर्कूचे धागे सुटतात, गुणसूत्रं ओढली जात नाहीत आणि पेशी तिथेच अडून जमा होतात. गहू आणि कांद्याला हे चालतं. लहान गुणसूत्रांच्या वनस्पतींना २ मिलीमोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन, म्हणजे लिटरला ०.२९ ग्रॅम, दोन-तीन तास. वेळ वाढवला तर गुणसूत्रं आखडून मण्यांसारखी होतात आणि आखूड बाजू कोणती, लांब कोणती, ते कळत नाही.

मग फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहेत तशा थिजवणारं द्रावण: तीन भाग इथेनॉल, एक भाग ग्लेशियल ऍसेटिक आम्ल, त्याच वेळी बनवलेलं. कालचं वापरू नका. दोघांचं हळूहळू एस्टर बनतं आणि आम्ल कमी पडतं. हे आम्ल १६.६ अंशांखाली गोठतं. थंड भांडारघरातली बाटली अर्धी गोठलेली निघाली तर वरचं पातळ ओतून घेण्याचा मोह टाळा. टोपण सैल करून कोमट पाण्यात ठेवा, सगळं विरघळल्यावर हलवा, मगच मोजा. मुळं त्यात २४ तास, नंतर ७० टक्के इथेनॉलमध्ये उणे २० अंशांना.

खरी परीक्षा पेशीभित्ती पचवणाऱ्या एन्झाइमची. सिट्रेट बफरमध्ये, पीएच ४.८ वर, सेल्युलेज, पेक्टोलायेज आणि सायटोहेलिकेज प्रत्येकी ०.३ टक्के, ३७ अंशांना. मूळ किती वेळ ठेवायचं हे तक्त्यात पाहून ठरत नाही. तासाभरानंतर दर दहा मिनिटांनी सुईने हळूच टोचून बघायचं. भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दबलं, पण आकार टिकला, तर झालं. कमी पचलं तर पेशी एकमेकींना धरून राहतात आणि गुणसूत्रांवर पेशीद्रवाचं धुकं उरतं. त्या धुक्यातून प्रोब आत शिरत नाही, उलट धुकंच चमकतं. जास्त पचलं तर पिपेटच्या टोकाला मूळ लागतच नाही, विरून गेलेलं असतं. पहिल्या महिन्यातल्या निम्म्या स्लाइड याच पायरीवर वाया जातील असं धरून चाला आणि नेहमी दुप्पट मुळं फिक्स करा.

दाबताना ४५ टक्के ऍसेटिक आम्लाचा थेंब, वर कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठा सरळ खाली. बाजूला रेसभर सरकला तरी पेशी लोळतात. मग स्लाइड कोरड्या बर्फावर गोठवून ब्लेडने कव्हरस्लिप उडवायची. ही सगळी हाताची कामं आहेत आणि त्यांना महागडं काहीच लागत नाही. १९५६ साली स्वीडनच्या लुंडमध्ये त्यो आणि लेव्हान यांनी माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे दाखवलं. त्यातल्या लेव्हानने १९३८ मध्येच कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा, म्हणजे तर्कूचे धागे मोडणाऱ्या रसायनाचा, परिणाम अभ्यासला होता.

इथला हिवाळा स्लाइडलाही बाधतो. हीटर चालू असले की खोलीतली हवा अगदी कोरडी होते. थेंब टाकून गुणसूत्रं पसरवायची पद्धत वापरली तर आम्ल भराभर उडतं आणि गुणसूत्रं पसरायच्या आतच चिकटून बसतात. म्हणून स्लाइडखाली ओला कागद ठेवतात किंवा वाफ देतात. आपल्याकडे पावसाळ्यात ही अडचण येत नाही.

एवढा जीव या कामात का घालायचा, ते कांद्याच्या टोकांवरून कळेल. बहुतेक वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या टोकाला टीटीटीएजीजीजी ही सात अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कांद्यावर तो प्रोब टाकला की टोकं काळीच राहतात. अनेक वर्षं कुणी म्हणे तिथे दुसरेच लांबलचक पुनरावृत्त तुकडे असतील, कुणी म्हणे ही टोकं लिहिणारं टेलोमरेज एन्झाइमच नसेल. २०१६ मध्ये इथल्याच फायकुस यांच्या गटाने बारा अक्षरांचा क्रम शोधला: सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी. टेलोमरेजही होतं, फक्त वेगळा क्रम लिहीत होतं. प्रोब बसला नाही म्हणजे ती गोष्टच नाही, असं समजायचं नाही. पण आपली स्लाइड धुकट नव्हती याची खात्री असेल तरच तसं बोलता येतं.

गुणसूत्रं रंगवायचं तंत्र इथे मोहरीच्या कुळावर चालतं. अरॅबिडॉप्सिस या पाच जोड्यांच्या रोपाच्या डीएनएचे तुकडे प्रोब म्हणून नात्यातल्या रोपांवर टाकतात आणि कोणता तुकडा कुठे गेला ते रंगांवरून वाचतात. पूर्वजाच्या आठ जोड्यांवरून ते पाचावर कसं आलं, हे असंच वाचलं गेलं. कांद्यावर हे जमत नाही, कारण पुनरावृत्त तुकडे सगळीकडे असल्याने सगळंच उजळतं. आपल्या फोडणीतली मोहरी म्हणजे ३६ गुणसूत्रं, सलगमाच्या जातीची २० आणि काळ्या मोहरीची १६ एकत्र आलेली. १९३५ मध्ये वू जांग-चुन यांनी मोहरीच्या जातींमधल्या अशा नात्यांचा त्रिकोण मांडला.

द्राक्षावर काम करायचं मनात असेल तर मनाची तयारी ठेवा. ३८ गुणसूत्रं, म्हणजे १९ जोड्या, एक-दोन मायक्रोमीटरची, आणि मुळांमध्ये टॅनिन, त्यामुळे स्लाइड तपकिरी. पण उत्क्रांतीसाठी द्राक्ष सोन्यासारखं. २००७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा प्राचीन काळी तो तिप्पट झाल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या, कारण नंतर पुन्हा दुप्पट होण्याची उलथापालथ त्यात झालेली नाही. बहुतेक पांढऱ्या द्राक्षांचा रंग गेला तोही रंगाच्या जनुकाशेजारी एक उडता तुकडा येऊन बसल्यामुळे.

सामानाचं एक. द्राक्षाची काडी युरोपात आणायला बंदी आहे. बी, कंद, भाजी, अगदी लसणाची गड्डीसुद्धा फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याच्या, प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या फळांना. संशोधनासाठी आपल्याकडचं वाण हवं असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का, ते तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी मार्गदर्शकांसोबत तपासा. खिशात बी टाकून आणलं तर त्यावरचं काम छापणंही अडचणीचं होईल.

निघण्याआधी घरी एक करून बघा. निफाडच्या गहू संशोधन केंद्राची दोन वाणं घ्या, एनआयएडब्ल्यू ३०१ त्र्यंबक आणि एनआयडीडब्ल्यू २९५ गोदावरी. नावातला 'ए' म्हणजे एस्टिव्हम, चपातीचा गहू, ४२ गुणसूत्रं. 'डी' म्हणजे ड्युरम, बन्सी, २८. दोन्ही बिया शेजारी-शेजारी रुजवा, थर्मासात बर्फाचं पाणी घालून मुळं २४ तास ठेवा, फिक्स करा, कॉलेजातल्या ऍसिटोकार्माइनने रंगवा. प्रत्येकी दहा पेशी मोजा. एखाद्या पेशीत ४१ आली तर वहीत ४१ लिहा आणि शेजारी त्या पेशीचं चित्र काढा: दोन गुणसूत्रं एकमेकांवर पडली आहेत, की एक अंगठ्याखालून सरकून पलीकडे गेलं आहे.