सातबाऱ्यावरचं क्षेत्र

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल दोन शब्द लिहा, असा निरोप आला. शाळेनं पुष्कळ दिलं, त्यातलं निम्मं मी विसरलो. एक कंगवा मात्र विसरलो नाही.

१९९३ चा डिसेंबर असावा. आमचा दहावीचा वर्ग. विज्ञानाचे सर खिशातून कंगवा काढत आत आले आणि म्हणाले, "बिनतेलाचं डोकं कोणाचं हाय रे?" सगळ्यांची डोकी खोबरेलानं चप्प. कोरडं माझंच, कारण आमच्याकडे महिनाअखेरीस तेलाची बाटली पालथी घातलेली असायची. सरांनी माझ्या केसांतून दहा-बारा वेळा कंगवा ओढला. टेबलावर कापसाची बोटभर पुंजकी पिंजून ठेवली होती. कंगवा वर धरताच ती उडी मारून त्याला चिकटली.

"या कापसाले खालून अख्खी पृथ्वी ओढून राह्यली," सर म्हणाले, "अन् वरून हा दोन रुपयाचा कंगवा. कोण जिंकलं?"

उत्तर कोणी दिलं नाही. मागच्या बाकावरून "कंगवा, बाप्पा!" एवढं ऐकू आलं.

ज्युनिअर कॉलेजलाही फिजिक्सला तेच सर होते. बारावीत 'इलेक्ट्रिक फील्ड' आलं तेव्हा आम्ही इंग्रजीला घाबरून गप्प बसलो. सरांनी विचारलं, फील्ड म्हणजे काय? शेत. मराठी पुस्तकात काय लिहिलंय? क्षेत्र. सातबाऱ्यावर काय असतं? क्षेत्रच, हेक्टर-आर! मग घाबरता कायले? तुम्ही घरी झोपलात तरी वावर जागेवरच असतं. माती कशी आहे ते मात्र बी टाकल्याशिवाय कळत नाही. तसंच प्रभाराभोवती, म्हणजे केसांत घासून कंगव्यावर साठते तसल्या विजेभोवती, क्षेत्र असतंच. तिथं दुसरा प्रभार ठेवला की बल कळतं. तो ठेवायचा चिमूटभर, मोठा ठेवला तर मूळचा प्रभारच इकडचा तिकडं सरकायचा. "बी पेरून पाहाचं, ट्रॅक्टर नाही घालाचा," हे त्यांचं वाक्य मी पेपरात लिहिलं होतं. मार्क मिळाले नाहीत.

न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम १६८७ चा, कूलोंबचा प्रभारांमधल्या बलाचा १७८५ चा. सरांनी दोन्ही सूत्रं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. जुळी भावंडंच: अंतर दुप्पट केलं की बल चौथाई. पण ताकदीत केवढा फरक! कॅव्हेंडिशला १७९८ मध्ये गुरुत्वानं तारेला पडणारा बारीकसा पीळ मोजण्यासाठी दीडेकशे किलोचे शिशाचे गोळे टांगावे लागले. इथं एका कंगव्यात काम भागतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनमधलं विजेचं आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वापेक्षा किती पट, तर २ वर ३९ शून्यं. सरांनी ती एकेक करून काढली, फळा पुरला नाही तेव्हा खिडकीच्या चौकटीवरही काढली. पुढं बरीच वर्षं चौकटीवर पुसट शून्यं दिसायची.

मी आयुष्यात वर्गात एकच प्रश्न विचारला, तो त्या दिवशी. वीज एवढी जबर, तर मग आपण पृथ्वीलाच का चिकटलेलो, एकमेकांना का नाही? सर थांबले. म्हणाले, विजेच्या खात्यात जमा पण आहे अन् नावे पण. दोन्ही सारखे, म्हणून बाकी शून्य. गुरुत्वाच्या खात्यात नुसती जमा. पृथ्वीएवढी जमा झाली की कोणाले सोडते काय?

मी इंजिनिअर झालो नाही. तेवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. सीझनला, हवा कोरडी पडली की रुई पत्र्याला, पट्ट्याला, कामगारांच्या बाह्यांना चिकटते. पोरं मशीनला शिव्या घालतात. मी पाण्याचा फवारा वाढवायला सांगतो. ओल धरली की प्रभार टिकत नाही. नव्या पोरांना हे सांगताना मी अजून कंगवाच काढतो. डोकं माझंच वापरतो, आता केस कमी असले तरी.

एक काम मात्र शाळेत अर्धवट राहिलंय. सरांनी आम्हाला मागच्या विहिरीत खडा टाकून खोली काढायला लावली होती. घड्याळ सरांचं एचएमटी. कोणी एक सेकंद म्हणे, कोणी दोन. एकाच्या हिशेबानं पाणी सोळा फुटांवर, दोनाच्या हिशेबानं चौसष्टवर, कारण वेळेचा वर्ग घ्यायचा असतो. दोर सोडून मोजलं तर चाळीस भरलं. सर हसले आणि घंटा झाली. आता मोबाईलात सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो, म्हणून शाळेच्या जयंतीच्या दिवशी जरा लवकर येतो आहे. विहिरीवर जाळी बसवली असं ऐकलं. खडा जाईल एवढं भोक असलं म्हणजे झालं.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९९४